डोंबिवलीहून पहिल्यांदाच सीएसएमटीला जाणाऱ्यासाठी

डोंबिवलीत घर घेतलंस, आता पहिला महिना लोकल समजून घेण्यात जाणार. सकाळी शक्यतो डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी पकड. पाच-दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील, निदान आत पाय ठेवायला जागा मिळते. कर्जत-कसाऱ्याच्या गाड्या मागूनच भरून येतात.

संध्याकाळी खरी गंमत. सीएसएमटीच्या इंडिकेटरवर अक्षरं असतात: के म्हणजे कल्याण, टी ठाणे, बीएल बदलापूर. कसाऱ्याला एन आणि कर्जतला एस. हा एस बघून मी पहिल्या आठवड्यात स्लो समजून गाडी सोडली होती! तू कल्याण किंवा डोंबिवली गाडीच धर. कर्जत फास्टही डोंबिवलीला थांबते, पण दारातले लोक तोंडावरच विचारतील, "डोंबिवलीला याच गाडीत चढायचं होतं?" त्यांचंही बरोबर आहे म्हणा, त्यांना अजून तासभर जायचंय.

बॅग पुढे, छातीवर. दादरला उतरायचं असेल तर कुर्ला सुटताच दाराकडे सरकायला लाग, समोरच्याला "दादर?" एवढंच विचार. तो मान हलवेल किंवा बाजूला होईल. घाटकोपरला मात्र सांभाळ, मेट्रोला जाणारा लोंढा तुलाही सोबत बाहेर काढतो. एकदा मी असाच फलाटावर पोहोचलो, चप्पल आतच राहिली.

पास तीन महिन्यांचाच काढ. आणि रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या कधी बंद आहेत ते बघ.