रत्नागिरीच्या मिरकरवाडा मच्छी बंदरात फील्डवर्क करणार असशील तर

अरे, नेपाळी खलाशांवर प्रोजेक्ट करतोयस ना, मग तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, थेट "भेदभाव करता का" असलं काय विचारू नकोस, "छे, आमच्याकडे सगळे सारखेच" हेच ऐकायला मिळणार. त्यापेक्षा भाड्याने खोली कोणाला मिळते, उचल (आगाऊ पैसे) किती, आणि आंब्याची अख्खी बाग राखायला देणारा त्यांना ओटीवर बसवतो की बाहेर खळ्यातच चहा देतो ते बघ, खरा डेटा तिथेय. पूर्वग्रह मनातला, भेदभाव वागण्यातला, दोन्ही वेगळे धर. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९४९ मध्येच मांडलंय की मनात काही नसलेला माणूसही धंद्यापायी किंवा शेजाऱ्यांच्या धाकाने भेदभाव करतो. आणि नियम बदलला की विषय संपला असं लिहू नको हां, महाडचं चवदार तळं नगरपालिकेने १९२४ ला अस्पृश्यांना खुलं केलं तरी १९२७ ला सत्याग्रह करावाच लागला. जातीचा रकानाही ठेव, गाईड सांगो न सांगो.