आबांची सही, मुलाचा मोबाईल

प्रश्न : तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. आबा ७८ वर्षांचे आहेत, हात थरथरतो. सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत आला. तेव्हापासून त्यांच्या जुन्या सहीचा फोटो मी मोबाईलमध्ये ठेवलाय. बेदाण्याच्या व्यवहाराचे कागद त्यांना वाचून दाखवतो आणि खाली तो फोटो चिकटवतो. हीच ई-सही ना? मृत्युपत्रही असंच करावं का?

उत्तर : नाही. दोन्ही प्रश्नांना नाहीच. तुमचा हेतू चांगला आहे, पण उद्या धाकट्या भावानं “आबांना यातलं काही माहीतच नव्हतं” म्हटलं, तर तो फोटो तुमच्या बाजूनं काय बोलणार? तो कुठल्याही कागदावर, कुणालाही चिकटवता येतो.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधली ई-सही वेगळी. तिथं सहीचं चित्र महत्त्वाचं नसतंच. फाईलमधल्या मजकुराचा गणितानं एक ठसा काढतात आणि तो सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीनं बंद करतात. नंतर कुणी ‘दोन लाखां’चे ‘तीन लाख’ केले, की पडताळणीत ते लगेच उघडं पडतं. म्हणूनच मूळ फाईल जपायची. प्रिंट काढली की ही पडताळणी त्या कागदावरून होत नाही. आमच्याकडे लोक प्रिंटला लॅमिनेशन करून आणतात आणि फाईल डिलीट करतात!

आधारवरून ई-सही करता येते, ओटीपी टाकून. पण एक विचारतो, रागावू नका : आबांच्या आधारला नंबर कुणाचा जोडलाय? सांगलीत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत तो मुलाचा किंवा नातवाचा निघतो. मग ओटीपी तुमच्या खिशात येणार, बटण तुम्ही दाबणार आणि कागदावर नाव आबांचं उमटणार. फोटो चिकटवण्यात आणि यात फरक तो काय राहिला? आधी आधार केंद्रात जाऊन आबांचा स्वतःचा नंबर जोडा.

बँकेचं म्हणाल तर आबांना घेऊन शाखेत जा आणि नमुना सही नव्यानं द्या. थरथरती सही ही सहीच असते, फक्त बँकेकडचा नमुना जुना आहे. अगदीच जमेनासं झालं, तर आजारी वा वृद्ध खातेदाराचा अंगठा चालतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे त्याला दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हाताचा शक्य नसेल तर पायाचाही अंगठा चालतो.

आता मृत्युपत्र. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच पहिल्या परिशिष्टानं ते ई-सहीतून वगळलंय. २०२२ साली त्या यादीत बदल झाले, मृत्युपत्र मात्र तिथंच राहिलं. तेव्हा कागद, पेन आणि किमान दोन साक्षीदार. आबांना सही जमत नसेल तर अंगठाही चालतो. साक्षीदारांनी आबांच्या समोरच सह्या करायच्या. तुम्ही स्वतः साक्षीदार होऊ नका, आणि आबांच्या पारावरचे सोबतीही नकोत. वाद झाला तर साक्षीदाराला कोर्टात उभं राहावं लागतं. चाळिशीतले दोघे बघा.