बहिणीच्या इंजिनिअरिंगसाठी शेत गहाण ठेवावं का?

शेत गहाण ठेवू नका. हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत तरी सावकाराच्या दारात जाऊ नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. बहीण ओबीसी प्रवर्गातली, सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत पुण्यातल्या खाजगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजला तिचा नंबर लागला. औसा तालुक्यात तीन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि तहसीलच्या दाखल्यावर वडिलांचं उत्पन्न लाखाच्या आत आहे. कॉलेजच्या खिडकीवर सांगितलं, "आधी पूर्ण फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ." म्हणून तुम्ही विचारताय की शेतावर पैसे उचलावेत का.

आधी फीचं बघू. महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ रोजी शासन निर्णय काढला. व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत. त्याआधी ही सवलत ५० टक्के होती. खाजगी विनाअनुदानित कॉलेजं यात येतात. अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठं येत नाहीत, मॅनेजमेंट कोट्यातली, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती जागाही येत नाही. म्हणून तुमच्या बहिणीने कॅपची फेरी सोडली नाही, हेच तिच्या हातून झालेलं सगळ्यात मोलाचं काम. आमच्या गावातल्या एका मुलीच्या वडिलांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून "चांगली ब्रँच मिळते" म्हणून मॅनेजमेंटची जागा घेतली. नंतर मी कितीही अर्ज भरायला बसलो तरी तिच्यासाठी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ती रुखरुख अजून जात नाही.

आता खिडकीवर परत जा आणि फीची फोड कागदावर मागा: शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, परीक्षा शुल्क किती, अनामत किती. विकास शुल्क, अनामत आणि कॉलेजचे इतर किरकोळ आकार माफ होत नाहीत, ते तुम्हालाच भरायचे आहेत आणि तेवढी तयारी ठेवा. पण जे शुल्क शासन भरणार आहे ते पात्र मुलीकडून प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. ऐकलं नाही तर प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा, सोबत कॅपचं अलॉटमेंट लेटर आणि उत्पन्नाचा दाखला जोडा, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तरीही नाही म्हणाले तर तीच प्रत घेऊन तंत्रशिक्षण संचालनालयाच्या पुण्यातल्या विभागीय कार्यालयात जा. भांडायची गरज नाही. शिक्क्याचा कागद हातात असला की बोलणं बदलतं, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय.

हे इतकं पोटतिडकीने सांगतोय कारण २०१८ मध्ये माझ्या वडिलांना हे कुणी सांगितलं नाही. मी खुल्या प्रवर्गातला. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत माझी निम्मी फी शासन भरणार होतं, तरी कॉलेजने पूर्ण मागितली. वडिलांनी दुभती म्हैस विकली आणि भरली. ते निम्मे पैसे माझ्या खात्यावर आले तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होतो. मधली दोन वर्षं घरात विकत दूध यायचं.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज स्वतः बसून भरा. नेट कॅफेत भरला तरी लॉगिन आणि पासवर्ड बहिणीच्या वहीत हवा आणि मोबाइल नंबर घरचाच हवा. अर्ज इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या योजनेखाली करायचा. जातीचा दाखला, नॉन क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, रेशनकार्ड, अलॉटमेंट लेटर हे सगळं लागेल. जात वैधता प्रमाणपत्र अजून हातात नसेल, नुसती पावती असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच्या मागे लागा, कारण मुदतीत ते दिलं नाही तर राखीव जागाच धोक्यात येते.

अर्ज भरून सुटलो असं होत नाही. तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग खात्याकडे. एखादा दाखला पुसट दिसला तरी 'सेंड बॅक' होतो, म्हणजे दुरुस्तीसाठी परत येतो. माझा दुसऱ्या वर्षाचा अर्ज असाच दिवाळीच्या सुट्टीत परत आला होता. मी पोर्टल उघडलंच नाही, मुदत संपली आणि त्या वर्षाचे पैसे गेले ते गेलेच. दर आठवड्याला एकदा लॉगिन करून स्टेटस बघायची सवय बहिणीला लावा. अर्ज दरवर्षी नव्याने करायचा असतो, हेही लक्षात असू द्या. आणि एक गोष्ट फार जणांना माहीत नसते: थेट लाभाचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाहीत, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जातात. तिचं शाळेत असताना काढलेलं एखादं बंद पडलेलं खातं आधारला जोडलेलं असेल तर आजच बँकेत जाऊन बदलून घ्या.

फीचा प्रश्न एवढ्यावर बराच सुटतो. माझ्या मते तुमच्या घराला खरा जड जाणार आहे तो पुण्यात राहण्या-जेवण्याचा खर्च. कॉट बेसिसची खोली, मेस, बसचा पास, हे दर महिन्याला रोख लागतं आणि ते कुणी थांबून घेत नाही. मुलं शिक्षण सोडतात ती बहुतेक वेळा फीपायी नाही, या रोजच्या खर्चापायी.

त्यासाठी आधी इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या मुलींच्या वसतिगृहासाठी अर्ज करा. तिथे जागा मिळाली नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना यातून थेट पैसे मिळतात. पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. लाभार्थ्यांची संख्या ठरलेली असते आणि निवड गुणांवर होते, म्हणून जाहिरात निघाली की थांबू नका. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी अशीच स्वाधार योजना आहे आणि आदिवासी मुलांसाठी स्वयं. खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, माझी शेवटची दोन वर्षं त्याच्यावर निघाली. तुमच्या गावात कुणाला गरज असेल तर त्यांनाही सांगा.

पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली. खेड्यातून आलेल्या गरजू मुलामुलींना तिच्या वसतिगृहांत अगदी कमी पैशात राहता-जेवता येतं. माझा रूममेट दुसऱ्या वर्षी तिथे गेला आणि त्याचं घरून पैसे मागणं थांबलं. अर्ज लवकर करावा लागतो, मुलाखत होते. बहिणीला सांगा, घरची परिस्थिती सांगताना संकोच करू नको, तिथे सगळे आपल्यासारख्याच घरांतून आलेले असतात.

एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती खास तंत्रशिक्षणाला जाणाऱ्या मुलींसाठी आहे, वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. मात्र एकाच वर्षी शासनाच्या दोन शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत, तेव्हा भरण्याआधी कोणती जास्त फायद्याची याचा हिशोब कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात बसून करा.

एवढं करूनही पैसे कमी पडले तर कर्ज घ्या, पण बँकेचं शैक्षणिक कर्ज. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. वडील किंवा आई सहकर्जदार म्हणून सही करतात, सातबारा द्यावा लागत नाही. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात. "तुमचं गाव आमच्या शाखेच्या हद्दीत नाही" हे कारण देऊन अर्ज नाकारता येत नाही. नाकारला तर नकार लेखी मागा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात विनातारण, विनाजामीनदार कर्ज मिळतं आणि तुमच्याइतक्या उत्पन्नाच्या घराला शिक्षणाच्या काळातल्या व्याजाचीही सवलत मिळते. पण ती निवडक दर्जेदार संस्थांनाच लागू आहे. बहिणीचं कॉलेज यादीत आहे का ते विद्यालक्ष्मी पोर्टलवर आधी बघा.

मी आता पुण्यातच नोकरीला आहे आणि दर जुलै-ऑगस्टमध्ये रविवारी गावाकडच्या मुलांचे अर्ज भरायला बसतो. तुम्ही फीची फोड मिळवलीत की बहिणीचं नाव झाकून त्या कागदाचा फोटो इथे खाली टाका. त्यातलं काय भरायचं आणि काय नाही ते मी ओळीओळीने सांगतो. रिपोर्टिंगची, म्हणजे कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करायची शेवटची तारीखही लिहा, म्हणजे त्याच्या आधी उत्तर देता येईल.