सगळ्यात जास्त ट्रिपल कुणाचे?

प्रश्न (खानापूरहून): सर, मी मोबाईलवर बेसबॉल बघतोय, ते ट्रिपल म्हणजे काय आणि एका सीझनमध्ये सगळ्यात जास्त कुणी मारलेत, सांगा की.

उत्तर: एकाच फटक्यावर थेट तिसऱ्या बेसपर्यंत (बेस म्हणजे मैदानात पळत गाठायचे ठरलेले टप्पे) पळणं म्हणजे ट्रिपल, आपण बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो ग्राउंडवर क्रिकेटमध्ये पळून तीन रन काढतो ना, तसंच बघा. रेकॉर्ड अमेरिकेतल्या पिट्सबर्ग टीमच्या चीफ विल्सनचा, १९१२ मध्ये ३६! त्याच्यानंतर मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली बेसबॉलची सगळ्यात मोठी लीग) २६ च्या पुढं कुणी गेलंच नाही. त्याचं घरचं मैदान फोर्ब्स फील्ड भलतंच मोठं, बॉल लांब गेला की फील्डर आणायला जाईपर्यंत हा तिसऱ्या बेसवर. २००७ मध्ये डेट्रॉइटच्या कर्टिस ग्रँडरसननं २३ मारले, तेपण लई झालं. मला तर होमरनपेक्षा (बॉल बहुतेक वेळा थेट मैदानाबाहेर, आपल्या सिक्ससारखा) ट्रिपलच आवडतो, जीव तोडून पळावं लागतं त्यात.