नोलनचे तिन्ही बॅटमॅन सिनेमे पाहिलेत, आता बॅटमॅनचे आर्कम व्हिडिओ गेम्स खेळायचे आहेत. मधली जुनी कार्टून मालिका सोडून दिली तर चालेल का?

नाही चालणार. सिनेमे पाहिले नसते तरी एक वेळ चाललं असतं, कारण गेम्सची गोष्ट नोलनच्या गोष्टीला कुठेच जोडलेली नाही. तिची नाळ जुळते १९९२ च्या त्या कार्टूनशी, ‘बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज’शी, आणि हे मी दहा-बारा वर्षं घरात सांगतोय.

२०१२ च्या मे महिन्यात दादाने नोकरीच्या पैशांतून ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि त्यातला आर्कम सिटी हा गेम टाकला. मी शेजारी खुर्ची ओढून बसायचो. मिस्टर फ्रीझ या खलनायकाशी होणाऱ्या मारामारीत तो दोन संध्याकाळी अडकला, कारण एकदा वापरलेला डाव फ्रीझवर पुन्हा चालत नाही, तो लगेच त्यावर तोड काढतो. शेवटी हरवलं. मग फ्रीझ बॅटमॅनला म्हणतो, माझ्या बायकोला, नोराला, शोधून दे. त्या मोहिमेचं नाव स्क्रीनवर आलं, ‘हार्ट ऑफ आइस’. मी उभाच राहिलो. हे तर कार्टूनच्या भागाचं नाव! पॉल डिनीने लिहिलेला, ब्रूस टिमने दिग्दर्शित केलेला भाग, आणि या गेमच्या लेखकांतही तोच डिनी.

दादा म्हणाला, “नोराची गोष्ट श्वार्झनेगरच्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ सिनेमातली आहे. कार्टूनवाल्यांनी उचलली असेल.” मी सांगत राहिलो, तो हसत राहिला. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “अरे, तो मोठा आहे, त्याला माहीत असेल.” ते मला लागलं. आजही लागतं.

म्हणून नीट सांगतो. १९५९ च्या कॉमिक्समध्ये हा माणूस मिस्टर झीरो होता, बर्फाची बंदूक घेऊन चोऱ्या करणारा. मिस्टर फ्रीझ हे नाव त्याला साठच्या दशकातल्या, अ‍ॅडम वेस्ट बॅटमॅन असलेल्या टीव्ही मालिकेने दिलं. पण आजारी बायको, तिला गोठवून जिवंत ठेवायची धडपड, ते यंत्र बंद पाडणारा कंपनीचा प्रमुख, हे सगळं १९९२ च्या त्या एका भागात पहिल्यांदा आलं. शेवटी कोठडीत काचेच्या गोळ्यातल्या नाचणाऱ्या बाहुलीकडे बघत तो नोराची माफी मागतो. लहान मुलांसाठी म्हणून काढलेल्या मालिकेत! त्या लेखनाला टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला. कॉमिक्सनेही मग हीच गोष्ट स्वीकारली. जोकरची साथीदार हार्ले क्विनसुद्धा याच मालिकेत जन्मली आणि नंतर कॉमिक्समध्ये गेली. मूळ पुस्तकात असतं आणि बाकीचे त्याची नक्कल करतात, हा समज इथे साफ खोटा ठरतो.

आणि आवाज. मालिकेत बॅटमॅनला आवाज देणारा केविन कॉनरॉय ब्रूस वेनसाठी, म्हणजे मुखवट्याआडच्या माणसासाठी, एक आवाज काढायचा, बॅटमॅनसाठी दुसरा, आणि बॅटमॅनचा आवाज हाच त्या माणसाचा खरा आवाज वाटायचा. पहिल्या गेममध्ये, आर्कम असायलममध्ये, तोच आहे, समोर जोकरला मार्क हॅमिल, तोही मालिकेतलाच. तो आवाज आधी कानात बसलेला नसेल तर गेम्सची अर्धी मजा गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉनरॉय गेल्याचं कळलं त्या रात्री मी ‘हार्ट ऑफ आइस’ पुन्हा लावला.

मालिका सगळी सारखी नाही, काही भाग अगदीच बाळबोध आहेत, ते खुशाल सोडा. इंग्रजीतच बघा. गेम्समध्ये असायलम, मग सिटी, मग नाइट. ओरिजिन्समध्ये बॅटमॅनचा आवाज कॉनरॉयचा नाही, तो राहिला तरी चालेल. नाइटमध्ये रणगाड्यासारखी गाडी चालवून कंटाळा येईल, पण शेवटापर्यंत जा.

आणि घरात कोणी म्हणालं की नोरा सिनेमातून आली, तर एवढंच सांगा: सिनेमा १९९७ चा, कार्टून १९९२ चं.