मुलीचा प्रश्न बरोबर होता

प्रश्न : मी मालवण तालुक्यात राहतो, वय 52. मुलीला बारावीला जीवशास्त्रात 91 गुण होते, नीटमध्ये 720 पैकी 381. एक वर्ष ड्रॉप घेतला, यंदा 402. मार्चमध्ये माझ्या मोठ्या आतड्यात पॉलिप निघाला, दुर्बिणीतून काढला. तेव्हापासून तिला सांगतोय, माझे किती दिवस उरलेत ठाऊक नाही, डोळ्यांदेखत डॉक्टर हो. ती मात्र तळ्याचं पाणी बरणीत आणून भिंगातून बघत बसते. फेरतपासणीला सोबत आली, तर डॉक्टरांनाच विचारते, "बाबांचा पॉलिप आणि प्रवाळाचा पॉलिप, नाव एकच कसं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा मूलभूत गोंधळ असेल तर तिसऱ्यांदा नीटला बसवावं का, की बीएएमएस बघावं? बायोप्सीचा रिपोर्ट सोबत जोडला आहे.

उत्तर : "माझे किती दिवस उरलेत ठाऊक नाही." हे वाक्य तुम्ही एकोणीस वर्षांच्या मुलीला मार्चपासून ऐकवताय. तिनं अभ्यासाला बसावं, पुस्तक उघडावं आणि पहिल्याच पानावर तुमचं मरण दिसावं, अशी तुम्ही तिची अवस्था केली आहे. तुमची भीती खरी आहे, मी ती हलकी मानत नाही. पण त्या भीतीची हुंडी तुम्ही मुलीच्या नावावर लिहिलीत. त्यात तिला 402 मिळाले याचं मला आश्चर्य वाटत नाही. गेल्या वेळेपेक्षा 21 जास्त मिळाले, याचं वाटतं.

आणि ही भीती मुळात एका गैरसमजावर उभी आहे. तुमच्या पत्राचा सूर 'पॉलिप म्हणजे कॅन्सर' असा आहे. पॉलिप हा आतड्याच्या आतल्या अस्तरावर आलेला कोंब. काही कधीच कॅन्सर होत नाहीत. काही, ज्यांना अडेनोमा म्हणतात, तसेच राहू दिले तर त्यातल्या थोड्यांचा पुढे कॅन्सर होतो, आणि त्यालाही साधारणपणे दहाएक वर्षं लागतात. तुमच्या रिपोर्टात 'ट्युब्युलर अडेनोमा, लो ग्रेड डिसप्लेसिया' (अडेनोमाच, पण पेशींतला बदल सौम्य) आहे आणि कोंब पूर्ण निघाल्याची नोंद आहे. म्हणजे जो पुढे कदाचित त्रासदायक ठरला असता तो वेळेत गेला. दुर्बिणीची तपासणी असते ती याचसाठी. मी डॉक्टर नाही, तेव्हा हाच कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा. पुढची तपासणी कधी करायची आणि घरातल्यांनी काही काळजी घ्यायची का, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर ऐकायला मुलीलाही न्या.

आता तिच्या प्रश्नाबद्दल. तुम्ही त्याला गोंधळ म्हणालात. मी गेली बावीस वर्षं मुलांशी बोलते आहे, इतका चांगला प्रश्न क्वचित ऐकला. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ 'पुष्कळ पायांचा', म्हणजे ऑक्टोपस. नाकात वाढणाऱ्या मऊ मांसाला प्राचीन ग्रीक वैद्यांनी तेच नाव दिलं आणि वैद्यकात ते टिकलं. पुढे 1740 मध्ये हेगजवळ एका सरदाराच्या मुलांना शिकवणारा आब्राहम ट्रेंबले नावाचा तरुण शिक्षक तळ्यातलं पाणी बरण्यांत आणून भिंगातून बघत बसला. हो, तुमच्या मुलीसारखाच. त्याला एक चिमुकला हिरवा जीव दिसला. वनस्पती की प्राणी, हे ठरवायला त्यानं तो कापला, तर दोन्ही तुकड्यांचे दोन पूर्ण जीव झाले. त्यानं ते पॅरिसला रेओम्यूर या नावाजलेल्या निसर्गशास्त्रज्ञाकडे पाठवले. तोंडाभोवतीच्या सोंडा ऑक्टोपससारख्या दिसतात म्हणून तिथे त्यांचं नाव पडलं पॉलिप. आज आपण त्याला हायड्रा म्हणतो. म्हणजे दोन विद्याशाखांनी वेगवेगळ्या काळी एकाच समुद्री प्राण्याची उपमा घेतली. पुढे उपमा विसरली गेली, नाव राहिलं.

प्राणिशास्त्रातला पॉलिप हे अख्खं शरीर असतं. नळीसारखं, एका टोकाने चिकटलेलं, दुसऱ्या टोकाला तोंड. वैद्यकातला पॉलिप आपल्याच पेशींची वाढ, त्याला ना तोंड ना सोंडा. आणखी एक गंमत तिला सांगा. दोन्हीकडे 'सेसाइल' हा शब्द आहे. तिच्या पुस्तकात त्याचा अर्थ जागेला चिकटून राहणारा, तुमच्या डॉक्टरांच्या भाषेत बिनदेठाचा कोंब. परीक्षेत असे शब्द पाठ करणारी मुलं पुष्कळ असतात. दवाखान्यात बापाच्या काळजीने बसलेली असताना ज्या मुलीला हे सुचतं, तिला तुम्ही गप्प बसवलंत.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती जी प्रवाळं आहेत, ती असल्याच काही मिलिमीटरच्या पॉलिपांनी चुन्याचे सांगाडे रचून घडवली. तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्यात आहे, तुमच्या दारात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर अनेक वर्षं काम झालंय. गोव्यात दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. बरणीतल्या पाण्याकडे बघत बसणं हा तिथल्या लोकांचा पोटापाण्याचा उद्योग आहे.

मार्ग म्हणाल तर आयसर आणि नायसर या मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या केंद्रीय संस्था, आयसरची प्रवेश परीक्षा आयएटी, नायसरसाठी नेस्ट, रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात सीईटीवरून प्रवेश. बारावी कोणत्या वर्षीची चालते ती अट आधी तपासा. दुसरा ड्रॉप माझ्या मते नको. बीएएमएस तिला हवं असेल तरच. केवळ नावापुढे डॉक्टर लागावं म्हणून साडेपाच वर्षं घालवू नयेत.

पण तिला प्राणिशास्त्रच हवंय, असंही मी ठरवणार नाही. अख्ख्या पत्रात तिला काय हवंय याची एक ओळ नाही. कदाचित तिला खरंच डॉक्टर व्हायचं असेल आणि तुमच्या त्या वाक्याखाली ती दबली असेल. तेव्हा आधी रिपोर्टचा खरा अर्थ तिला स्वतःच्या तोंडून सांगा आणि ते वाक्य परत घ्या. मग तिला मला पत्र लिहू द्या, तुम्ही न वाचता. बरणीतल्या पाण्यात तिला काय काय सापडलं, हेही त्यात लिहायला सांगा.