चांगला फुल इंग्लिश ब्रेकफास्ट कसा असतो?

पदार्थ किती आहेत ते सोडा, सगळे एकाच वेळी गरम प्लेटमध्ये येतात का ते बघा. आधी सॉसेज, मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. मग बेकन, त्याच चरबीत मशरूम आणि अर्धा कापलेला टोमॅटो. अंडं अगदी शेवटी, बलक वाहता हवा. टोस्ट त्यातच तर बुडवायचा! बेक्ड बीन्सचा (टोमॅटो सॉसमधल्या पांढऱ्या घेवड्याचा) रस्सा अंड्याखाली शिरला की माझा मूड जातो, म्हणून मी ते वाटीत मागतो. ब्लॅक पुडिंग म्हणजे डुकराचं रक्त आणि ओट्स किंवा बार्ली यांचं सॉसेज. मँचेस्टरजवळच्या बरी (Bury) गावचं प्रसिद्ध आहे. चालत असेल तर सोडू नका. हॅश ब्राउन, म्हणजे किसलेल्या बटाट्याची तळलेली टिक्की, ही अमेरिकेची घुसखोरी. सोबत दूध घातलेला कडक चहा.